अडकल्याचा पुरावा

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, पाठीमागे मात्र 'चौकशी खिडकी'. हे नाव कुणी ठेवलं ते तिला ठाऊक नव्हतं, पण तिघांवर संशय होता. बाईचा स्वभावच तसा. कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरून पुन्हा वर यायचं आणि परत ओढायचं. नवऱ्याला उशीर झाला तर प्रश्न, वेळेवर आला तर जास्तच प्रश्न. तो बिचारा उत्तर तयार ठेवूनच बेल वाजवी.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. तिथं तक्रारी आता माणूस नाही, एआय एजंट घ्यायचा. लोक मोबाइलवर लिहीत, तो उत्तर देई. त्याच्या हाताशी सॉफ्टवेअरची काही साधनं दिलेली होती. एकानं तक्रार नोंदवायची, एकानं कारागिराची वेळ ठरवायची आणि एकानं सुटकेचं पथक ताबडतोब रवाना करायचं. कुठलं साधन कशाचं, कधी वापरायचं आणि कधी नाही, हे एजंटला कळे ते फक्त ताईनं लिहिलेल्या वर्णनातून. त्यापलीकडचा आगापिछा त्याला काही माहीत नसे.

आणि एका दुपारी एक निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांनी कळवलं, पण एजंटनं नुसती तक्रार नोंदवली. पथक गेलंच नाही. संध्याकाळी शेजाऱ्यांनी दार उचकटलं तेव्हा बाई दम्यानं अर्धमेल्या झालेल्या. त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

"ज्याची चूक, त्यानं घरी बसायचं," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी मला नाव हवं."

ताईकडे नाव तयार होतं. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला. एजंटला बनावट तक्रारी पाठवून त्याची परीक्षा घेणं हे त्याचं काम. पण हल्ली ती जवळ गेली की हा पठ्ठ्या झटकन संगणकाचा पडदा बंद करायचा. शिवाय बरेच दिवस त्यानं एकच टुमणं लावलं होतं, "ताई, सुटकेच्या वर्णनातले इशारे थोडे कमी करू या ना." आज इशारे कमी, उद्या ताई कमी! तिला न विचारता यानंच मजकुरात हात घातला असणार.

तिनं आपली जुनी प्रत काढली आणि चालू मजकुराशी ओळीला ओळ लावून पाहिली. काना-मात्रेचाही फरक नव्हता. खरं सांगायचं तर ती हिरमुसलीच. चोर पकडायला निघावं आणि घरातली एकही वस्तू जागची हललेली नसावी, तसं झालं.

मग तिनं स्वतःचंच वर्णन पुन्हा वाचलं. 'कारागीर लवकर यावा म्हणून लोक अडकल्याची थाप मारतात. पूर्ण खात्री झाल्याशिवाय हे साधन वापरू नये. फोटो मागवावा. शंका असल्यास फक्त तक्रार नोंदवावी.' लिहिलं तेव्हा तिला या ओळींचा केवढा अभिमान वाटला होता!

तिनं त्या दुपारचं संभाषण उघडलं. एजंटनं विचारलं होतं, आपण खरोखर आत आहात का? शिक्षिकेनं लिहिलं होतं, हो. कृपया फोटो पाठवा. बाईंनी पाठवला. सगळा काळाकुट्ट. 'फोटोत लिफ्ट दिसत नाही,' एजंटनं कळवलं. त्यावर बाईंचं उत्तर होतं, 'बाळा, दिवे गेलेत. अंधारच आहे.'

एजंटनं शंका धरली होती आणि सांगितल्याबरहुकूम तक्रार नोंदवली होती.

ताई तशीच उठून चष्मेवाल्याच्या मागं जाऊन उभी राहिली. त्यानं पडदा बंद करायला हात नेला.

"राहू दे. काय लपवतोस ते दाखव."

तो ओशाळला. "तुमचंच वर्णन आहे, ताई. इशारे काढून करून बघत होतो. तुमच्या मजकुरानं एजंट खऱ्या माणसालाही खोटा धरतो. साहेबांना सांगितलं असतं तर तुमच्यावर शेकलं असतं, म्हणून तुमच्याच मागं लागलो होतो."

तिला स्वतःच्या संशयाची लाज वाटली.

सकाळी साहेबांनी नाव विचारलं. चष्मेवाला काहीतरी सारवासारव करू लागला, पण तिनं त्याला थांबवलं. "चूक माझी आहे. याचा काही संबंध नाही."

साहेबांनी चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. "मग उद्यापासून वर्णनं हा लिहील."

"आज एक लिहून जाऊ?" तिनं विचारलं. साहेबांनी मान डोलावली.

टेबलाशी बसून तिनं लिहिलं. 'स्वतः किंवा दुसरं कुणी लिफ्टमध्ये अडकल्याचं कुणीही सांगितलं, की हे साधन लगेच वापरा. आधी पथक पाठवा. पत्त्याखेरीज काहीही विचारू नका. पुरावा मागू नका.'

चष्मेवाल्यानं वाचलं. "आणि थाप निघाली तर?"

"तर पथक हात हलवत परत येईल. येऊ दे."

तो मजकूर चढवायला बसला. जसाच्या तसा चढवला का, हे बघायला ती मागं उभी राहिली नाही. तिनं पर्स उचलली आणि दवाखान्याचा रस्ता धरला.