तीन वंशांचा सिद्धान्त

सिंगापूरच्या बेडोक भागात आमच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त मरीन इंजिनिअर आहेत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ते ज्येष्ठांच्या केंद्राचे स्वयंसेवक म्हणून मनःस्वास्थ्याच्या पाहणीचा फॉर्म घेऊन जातात आणि इंजिनरूममध्ये कमावलेल्या आवाजात विचारतात, "अंकल, जगणं नकोसं वाटतं का?" उत्तराची उत्सुकता मग अख्ख्या मजल्याला लागते.

वंशांबद्दल त्यांचा स्वतःचा सिद्धान्त आहे. "चिनी म्हणतो, मुलांना माझा भार नको. भारतीय मुलाच्या कंपनीचं नाव सांगून विषय बदलतो. मलयांची काळजी नाही, त्यांना देव आहे, शेजार आहे."

"आणि मराठी?" मी विचारलं.

"मराठी माणूस फॉर्ममधल्या चुका काढतो."

परवा मी त्यांच्यासोबत होतो. एका मलय आजींनी सगळ्या प्रश्नांना हसत "नो लाह", म्हणजे 'छे हो', म्हटलं आणि आम्ही निघताना दारातल्या कुंड्या पुढे केल्या. "सगळ्या घेऊन जा. मला आता नकोत."

इंजिनिअरसाहेबांनी पेन खिशात ठेवलं. इतका हळू आवाज त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. "आंटी, आता का नकोत?"

आजी रडू लागल्या.

केंद्रातल्या समुपदेशक बाईंना फोन करून ते आजींशेजारी जमिनीवर बसले. बाई आल्या तरी उठले नाहीत. "कुंड्या इथेच राहू देत," ते आजींना म्हणाले. "उद्या सकाळी पाणी घालायला मी येतो."