न विचारता केलेली कल्हई

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही भाता ओढत ओढत. पण पुढे साठ वर्षं मी भांड्यांना कल्हई केली, आणि माझ्या हातचं भांडं तक्रार घेऊन परत आल्याचं मला आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यात माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही.

मुलगा न्युरेम्बर्गला इंजिनियर. त्याने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. सुनेच्या दोन पितळी पातेल्यांना मी त्यांच्या गॅलरीतल्या ग्रिलवर कल्हई करून दिली. कथील आणि नवसागर तिथल्या बाऊमार्क्टात मिळाला, म्हणजे खिळे, रंग, हत्यारं मिळतात त्या मोठ्या दुकानात. उरलेला माल पिशवीत टाकून मी आठ दिवसांसाठी बॉनला गेलो, नातीकडे.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. साताऱ्याहून तिकडे शिकायला गेलेली. तिथे खोली मिळत नाही. सात महिने ती एका मैत्रिणीकडे जमिनीवर गादी टाकून झोपली. मग एका इटालियन कुटुंबाने वरच्या मजल्यावरची खोली दिली, आणि नुसती खोली नाही, जेवायलाही घरच्या पोरीसारखं टेबलाशी बसवलं. घरात एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. मुलाचं आइस्क्रीमचं दुकान. घर म्हातारीच्या नावावर, त्यामुळे शब्द तिचाच. म्हातारी म्हणतोय खरा, पण ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाली.

मला त्यांनी चांगलंच ठेवलं, खोटं कशाला बोलू. पण रविवारी दुपारी म्हातारीने शेगडीवर तांब्याचं एक कडीवालं भगुलं चढवलं. मी सवयीने आत डोकावलो. आतून लालभडक! कल्हईचा ठिपका नाही.

"पोरी, हे यात रांधतात?"

"हो आबा. मक्याच्या पिठाचा घाटा. पोलेंटा म्हणतात."

"आणि तू खातेस?"

"दर रविवारी."

"दर रविवारी! कळकलेलं खातेस आणि वर दात काढतेस?"

बिनकल्हईच्या तांब्यात ताक ठेवा, आमटी ठेवा, तासाभरात हिरवं पडतं. खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. आमच्याकडे शेंबड्या पोराला हे कळतं. आणि ही शिकली-सवरलेली पोरगी!

"आल्झो, आबा," ती म्हणाली. आल्झो म्हणजे 'हे बघा', दर वाक्याला लावायची तिला तिकडची खोड लागली होती. "यात आंबट काही पडतच नाही. पाणी, मीठ, पीठ, बस. आणि ते भगुलं आजींच्या आईचं आहे. त्याला घरात दुसरं कुणी हात लावत नाही. तुम्ही पण लावू नका."

मला सांगते, भांड्याला हात लावू नका!

म्हातारी तासभर काठीने ते घोटत होती. मग लाकडाच्या पाटावर पालथं घातलं आणि दोऱ्याने वड्या कापल्या. मला तीनदा वाढायला आली, मी तीनदा ताटावर हात आडवा धरला. पाव आणि चीज खाऊन उठलो. पोरीने तिला काय गोड करून सांगितलं कुणास ठाऊक, म्हातारीने मला बडीशेपेचा काढा आणून दिला आणि पोटावरून हात फिरवायची खूण केली. माझं पोट ठणठणीत होतं! बिघडायचं असेल तर त्यांचं बिघडणार होतं.

माझ्या डोक्यातून ते भगुलं जाईना. आठ दिवस यांचं अन्न खाणार, माझ्या नातीला यांनी छप्पर दिलंय, आणि मी, कल्हईवाला, यांना तसंच ठेवून जाऊ? माझ्या हातातली तीच तर एक गोष्ट देण्यासारखी.

सोमवारी नात कॉलेजात, म्हातारी डॉक्टरकडे, तिचे मुलगा-सून दुकानात. मी अंगणातलं ग्रिल पेटवलं. भगुलं वाळू-मिठाने घासलं, निखाऱ्यावर फिरवून तापवलं, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला तसा शेजारचा एक माणूस कुंपणावरून बघून गेला. बघू दे. कथील टेकवलं आणि कापसाच्या बोळ्याने फिरवत गेलो. चांदीसारखी कल्हई बसली, एक डाग नाही, एक रेघ नाही. आयुष्यात चांगली म्हणावीत अशी दहा कामं काढली तर त्यात ते बसेल. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि वाट बघत बसलो.

संध्याकाळी म्हातारी आली. तिने आत बघितलं. भगुलं मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि बोटाने आतून चाचपत राहिली. माझी नात तेवढ्यात आली आणि दारातच थांबली. म्हातारी तिला हळू आवाजात बरंच काही बोलली. पोरीचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतेय?"

"काठीने तासभर घोटतात, आबा. ही कल्हई खरवडून पिठात येणार."

"माझी कल्हई खरवडून निघत नाही! सांग तिला!"

"आणि तळाला जी खरवड धरते ना, ती नुसत्या तांब्यालाच धरते. लहानपणी ती आजींच्या वाट्याला यायची. आई गेल्यापासून ती त्यात दुसरं काही शिजवत नाही."

"मग विषबाधा झाली की मला बोलवा म्हणावं."

"आबा, पुरे!" ती एवढ्या जोरात ओरडली की मी दचकलो. "महिनाअखेर खोली सोड म्हणतेय. माझ्या आजोबांना मी सांगायला हवं होतं म्हणतेय. मी सांगितलं होतं ना तुम्हाला? सांगितलं होतं ना? पंधरा दिवसांवर परीक्षा आहे माझी. मी कुठे जाऊ आता, परत जमिनीवर?"

मला संताप आला. खरं सांगतो, तेव्हाही पोरीची दया नाही आली, संतापच आला. उभ्या आयुष्यातलं एक नंबरचं काम फुकट करून दिलं, आणि माझ्यासमोर रडारड! दोन शब्द मी म्हातारीलाही मराठीत सुनावले. तिनेही तिच्या भाषेत सुनावले. दोघांना एकमेकांचं पूर्ण कळलं.

मग पोरीने डोळे पुसले आणि अगदी शांतपणे विचारलं, "आबा, आपल्या घरी आजीच्या देव्हाऱ्यातल्या पळी-पंचपात्राला कल्हई कराल का तुम्ही?"



पूजेच्या तांब्याला कल्हई करत नाहीत. मी बारा वर्षांचा असताना बाजारात एका बाईने चार भांड्यांबरोबर चुकून अभिषेकाचं तांब्याचं पात्र दिलं होतं. मी न विचारता तेही चकचकीत करून ठेवलं. वडिलांनी सगळ्या बाजारासमोर माझ्या कानाखाली वाजवली. म्हणाले, भांडं धरण्याआधी माणसाला विचार. त्या बाईपेक्षा मला वडिलांचाच जास्त राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

त्या दिवशी मी न जेवताच झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ग्रिल पेटवलं. पण भगुलं उचललं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. म्हातारी कॉफी करायला आली, तेव्हा भगुल्याकडे बोट दाखवलं, हाताने पुसायची खूण केली आणि विचारलं, "काढू का, बाई?" असं मी कधी कुणाला विचारलेलं नाही. कल्हईवाल्याला कुणी कल्हई काढायला सांगत नाही. मग तिने स्वतः भगुलं उचलून माझ्या हातात दिलं.

तापवून बोळ्याने पुसलं तशी वरची चांदी निघून गेली, पण करडी झाक जाईना. चांगली बसलेली कल्हई अशी जात नाही, हे मी आदल्या दिवशी सांगितलंच होतं. मी वाळूने घासत बसलो. म्हातारी खुर्ची घेऊन समोर येऊन बसली. थोड्या वेळाने उठली आणि व्हिनेगर, मीठ, पीठ कालवलेली वाटी माझ्यापुढे ठेवली. आम्ही चिंच लावतो, हे ते लावतात. बरं चालतं.

नात पुस्तकं घेऊन कॉलेजला निघाली, तेव्हा म्हातारीने तिला थांबवून काहीतरी सांगितलं.

"आबा, ती म्हणतेय, रविवारी तळाची खरवड तुम्हाला. ताटावर हात आडवा धरायचा नाही."

"आणि तुझ्या खोलीचं?"

"मलाही रविवारी लवकर खाली ये म्हणाली. आणि पुढच्या महिन्यातल्या रविवारीही."

मी मान हलवली आणि वाटीतलं पीठ बोटांवर घेतलं. बुडाच्या कडेला अजून बोटभर कथील चिकटून होतं. ते निघेपर्यंत दुपार झाली.