मावशी, दूध आहे का?

माझ्या गळ्यात किटली घाला, असं आमच्या मॅनेजरनेच सांगितलं.

माझं प्रमोशन झालं होतं. ऑफिस सुटल्यावर टीमने मला अंधेरीतल्या एका बारमध्ये नेलं. बाहेरून दुधाची डेअरी. काउंटर, रिकामे क्रेट, पांढरी टोपी घातलेला माणूस. त्याला परवलीचा प्रश्न विचारायचा, "मावशी, दूध आहे का?" मग मागची फळी सरकते. आत मंद दिवे, मोजकी टेबलं, महागडी दारू. असे लपवलेले बार हल्ली बरेच निघालेत. लपून प्यायला मजा येते म्हणे.

दारात सगळ्यांनी हसत हसत तो प्रश्न विचारला. माझी जीभच वळली नाही. घोळक्यात कोणाच्या लक्षात आलं नाही, मी तशीच आत गेले.

तो प्रश्न आमच्या घरचा आहे.

माझे वडील आरेच्या दूध वसाहतीत तबेल्यात कामाला होते. म्हशीने लाथ मारली, कंबर गेली, काम गेलं. आईने पाड्यामागच्या झाडीत हातभट्टी लावली. गूळ, नवसागर आणि धुराने काळा पडलेला डबा. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, मावशी, दूध आहे का? आई दुधाच्याच किटलीतून दारू ओतून द्यायची. त्यावर आम्ही भावंडं जेवलो, शाळेत गेलो. मला त्याची लाज वाटत नाही.

एक दिवस धाड पडली. हवालदाराने तीच किटली दोरीने आईच्या गळ्यात अडकवली आणि तिला तबेल्यांपासून नाक्यापर्यंत चालवत नेलं. रस्त्याच्या कडेला माणसं जमली. डेअरीच्या क्वार्टर्समधली साहेबांची मुलं होती, आदल्या संध्याकाळचं गिऱ्हाईकही होतं. कोणीतरी ओरडलं, मावशी, दूध आहे का? सगळे हसले. मी आईचा पदर धरून चालत होते. किटली पावलापावलाला तिच्या छातीवर आपटत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आई सुटून आली ती कोरा चहा प्यायला लागली. आजही कोराच पिते. दूध हा शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. शाळेत मात्र मी रोज ऐकला. बाई हजेरीला माझं नाव घ्यायच्या आणि मागच्या बाकावरून प्रश्न यायचा. बाई तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या बाईंनाही मी विसरलेली नाही.

आईला एकच गोष्ट सलत राहिली. पोलिसांचा हप्ता त्यांना वेळच्या वेळी मिळत होता, मग धाड कशी पडली? आता आम्ही भांडुपला राहतो. अजूनही दुपारी पडल्या पडल्या ती विचारते, "कोणी गं सांगितलं असेल?"

ते मला त्या बारमध्ये कळलं.

मालक आमच्या टेबलाशी आला. तिशीतला पोरगा, हातात चकचकीत पितळी किटली. तिथली पद्धत अशी की ज्याची पार्टी त्याच्या गळ्यात किटली घालून टेबलांमधून फिरवायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं. काय ओरडायचं ते सांगायला नको. आधी तो गोष्ट सांगतो. त्याचे बाबा आरेच्या क्वार्टर्समध्ये वाढले. कॉलेजात असताना रोज एका मावशीकडे प्यायला जायचे. एकदा आजोबांना तोंडाचा वास आला. आजोबा तिथले मोठे साहेब. बाबांनी सरळ सांगून टाकलं, मावशीनेच फुकट पाजून नादाला लावलं. आजोबांनी फोन फिरवला.

"नेक्स्ट डे धाड. तिच्या गळ्यात किटली अडकवून फिरवली ना, फुल वरात," तो म्हणाला. "बाबा सांगताना आजही पोट धरून हसतात. मुलुंडला सोसायटीच्या बागेत हास्यक्लब चालवतात, तिथे पण हाच किस्सा."

टेबल खदखदलं. मॅनेजर म्हणाला, घाला, हिच्या गळ्यात घाला.

किटलीची दोरी माझ्या डोक्यावरून आली. मी ती वरच्या वर धरली. उठले आणि किटली त्याच्या गळ्यात घातली.

"ती मावशी माझी आई आहे. आता तू चाल."

आधी त्याला गंमत वाटली. मग त्याने माझा चेहरा पाहिला. मॅनेजर पुटपुटला, जाऊ दे ना, जुन्या गोष्टी आहेत. मालक सॉरी म्हणाला, ड्रिंक्स आमच्याकडून म्हणाला. त्याचं सॉरी घेऊन मी काय करू? तेव्हा तो जन्मलाही नव्हता. किटली त्याच्या गळ्यातून काढून मी पिशवीत टाकली आणि निघाले. कोणी अडवलं नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती कोरा चहा पीत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "जिवंत आहे ना?"

म्हटलं, आहे. रोज सकाळी हसतो.

"मग मीही येते."

रविवारी आम्ही दोघी ती किटली घेऊन मुलुंडला जाणार आहोत. हास्यक्लब हात वर करून हसत असेल तेव्हा मी मधोमध जाऊन उभी राहणार. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला विचारणार, साहेब, दूध आहे का? आईचं नाव कोणी सांगितलं आणि का, ते त्याच्याच तोंडून त्याच्या सोसायटीसमोर वदवून घेणार. माफी मागायला लागला तर मध्येच तोडणार. माफी नको. गळा पुढे कर.