सुमेधची आई आणि पातूरची लेणी

आमची पोस्टिंग काश्मीरमध्ये, कुपवाड्यात होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज उभं राहणं, मग चहा, मग गस्त. रोजचं तेच. माझा बडी, म्हणजे जोडीचा जवान, लान्स नायक सुमेध अकोल्याकडचा, पातूरजवळच्या खेड्यातला. मी वरूडचा. दोन वऱ्हाडी एका सेक्शनमध्ये आले म्हणजे बाकीच्यांचे कान किटणारच. सुभेदारसाहेब म्हणायचे, या दोघांना भांडायला दुश्मन लागत नाही.

एका गस्तीवर नाल्याच्या वळणाला समोरून फायर आला. रेडिओ माझ्याकडं होता.

"कॉन्टॅक्ट. एक जखमी. ओव्हर."

जखमी सुमेध होता. पोटात गोळी लागली तरी त्यानं मशीनगन सोडली नाही. समोरचे दोघं पडले, म्हणून आम्ही बाकीचे वाचलो. हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला.

सुट्टी मिळताच मी त्याच्या आईला, मावशीला, भेटायला गेलो. मावशी म्हणाली, "घरात मानसं हायेत. लेन्यावर चाल." सुट्टीत सुमेध तिथंच वंदनेला जायचा.

लेणी म्हणजे कातळात कोरलेल्या खोल्या. पूर्वी तिथं भिक्खू राहायचे. आत शिरताच माझ्या मनात आलं, एकच तोंड, मागं खडक, ग्रेनेड पडला तर खेळ खलास. सवय, दुसरं काय! मावशीनं एक मेणबत्ती लावली.

"गावात जवान पोरगा मेला की लोक आधी इचारतेत, फवारनीचं औषध पेला का. हे दिवसच तसे हायेत. तू मले खरं सांग. कसा गेला माहा सुमेध?"

तेच सांगायला तर मी आलो होतो. सगळं सांगितलं. शेवटी छाती काढून म्हणालो, "वाघ होता, मावशी. दोघाइले घेऊन गेला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्याच्या हातून दोन मेले?"

"हो."

"नावं काय त्याइची?"

"कोनाची?"

"त्या दोघाइची."

"मावशी, त्याइनंच तुह्या पोराले मारलं."

"मालूम हाये मले. समोर असते तं थुकली असती त्याइच्या तोंडावर. पन त्याइच्या घरीबी माय असन ना. तू मले सांगाले आला, तिले कोन सांगन?"

माझं डोकंच फिरलं. पोटचा पोरगा गेलाय आणि ही बाई विचारते कोणाचं! उठून सरळ खाली निघून जावंसं वाटलं. पण बसूनच राहिलो. त्या दोघांची झडती मीच घेतली होती. रायफली, मॅगझिन, सगळं रेडिओवर कळवलं होतं. चेहरे मात्र काही केल्या आठवेनात.

तिनं पिशवीतून आणखी दोन मेणबत्त्या काढल्या. वाऱ्यानं ज्योत टिकेना, म्हणून मी हात आडवा धरला. वंदनेचं पुण्य अर्पण करताना गेलेल्याचं नाव घेतात. तिनं सुमेधचं घेतलं. मग दुसऱ्या मेणबत्तीपुढं थांबली आणि माझ्याकडं पाहिलं. नावं मलाही ठाऊक नव्हती; मी नकारार्थी मान हलवली.

तिनं त्या दोघांसाठीही सुमेधचंच नाव घेतलं.