पुसट होत गेलेले शिंपले

संस्थेत तिला सगळे ताईच म्हणत. एकवीस वर्षं तिचं काम एकच: सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायचे आणि ओल्या, केसाएवढ्या कुंचल्याने गाळातले शिंपले वेचून मोजायचे. खोल समुद्राच्या तळातून नळी भरून आणलेला गाळ दर दोन सेंटिमीटरला कापून, चाळणीवर धुऊन, वाळवून एकेका बाटलीतून तिच्या टेबलावर येई. दिसायला चिमूटभर रवा, पण त्यातला प्रत्येक कण म्हणजे कधीकाळी समुद्रात तरंगलेल्या जिवाचं कवच. त्यावरून तेव्हाचं पाणी किती गरम होतं ते कळतं, एवढं तिला ठाऊक होतं. कुठली बाटली कोणत्या काळातली, ते मात्र तिला मुद्दाम सांगत नसत. एकदा कळलं की माणसाला हवं तेच दिसायला लागतं, असं विभागाच्या मॅडम म्हणत. म्हणून बाटलीवर नुसता आकडा.

चौऱ्याहत्तराव्या बाटलीत शिंपल्यांच्या कडा पुसट दिसल्या. तिने भिंग पुसलं, दिवा बदलला. पंचाहत्तरमध्ये त्या आणखी पुसट झाल्या. तिच्या आईची नजर याच वयात, अशीच कडांपासून विरत गेली होती.

ती कोणाला काही बोलली नाही. वेचणारीचे डोळे गेले तर तिच्याकडे उरतं काय? सत्त्याहत्तरमध्ये, जिथे नेहमी तीनशे सापडायचे तिथे, एकसष्ट निघाले. अठ्ठ्याहत्तरमध्ये नऊ. वेचायची, चौकटी आखलेली ताटली तिने चार वेळा फिरवली. तांबूस चुरा आणि माशांचे सुईसारखे दात, बाकी काही नाही. ते दात तर तिला लख्ख दिसत होते, पण घाबरलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला.

मग तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी आणि ऐंशी या बाटल्यांसमोर वहीत तीनशेच्या आसपासचे आकडे ठोकून दिले आणि काचपट्ट्यांवर त्र्याहत्तरमधले उरलेले धडधाकट शिंपले चिकटवले. एकही हातून पडला नाही.

नवऱ्याचं शिवणकाम घरातच, पुढच्या खोलीत चाले. रविवारी तो बाहेरून आला तेव्हा सुया टोचायच्या गादीवर ओवलेल्या सुयांची रांग होती आणि ती आठव्या सुईत दोरा घालत होती.

"सगळ्यात बारीक सुई पहिल्या झटक्यात ओवतेस," तो म्हणाला. "मग चेहरा असा का उतरलाय?"

तिला रडूच फुटलं. आईचे डोळे, पुसट कडा, खोटे आकडे, सगळं तिने सांगून टाकलं. त्याने हातातली मापाची टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "डोळ्यांचं डॉक्टर बघतील. आकड्यांचं उद्याच मॅडमना सांग."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत तिने वही पुढे ठेवली. कसंबसं बोलून झालं. मॅडमनी वही मिटली.

"त्या तीन आकड्यांनी आठवडाभर माझी झोप उडवलीय, ताई. बाटल्या बदलल्या गेल्या असं वाटत होतं. खरे किती होते?"

"नऊ. मग चार. ऐंशीत एकही नाही."

मॅडम तिला तळघरातल्या थंड खोलीत घेऊन गेल्या आणि एक लांब खण ओढला. उभ्या चिरलेल्या नळीत खाली पांढरा गाळ होता आणि वर येताना बोटभर अंतरात तो एकदम तांबडा-तपकिरी झाला होता. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र, मॅडम सांगत होत्या. हवेत कार्बन इतका वाढला, की पाणी तापलं आणि आंबट झालं, तळाशी पडलेली कवचं आधी कडांपासून आणि मग अख्खी विरघळून गेली.

"तुमची नजर शाबूत आहे. शिंपलेच नव्हते."

ताईला हायसं वाटलं. मग तिने विचारलं, "हे सावरायला किती वेळ लागला?"

"लाखभर वर्षं, थोडी जास्तच."

"आणि बिघडायला?"

"काही हजार. आता आपण त्याहून घाईत आहोत."

खोलीत चार अंश होते, पण तिला भरलेली हुडहुडी थंडीची नव्हती. इतके दिवस ती दोन डोळ्यांसाठी घाबरली होती. ही भीती कुठे ठेवायची, तेच तिला कळेना.

काय केलं ते तिला स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागलं. वर्षभर तिची प्रत्येक मोजणी दुसरं कोणीतरी तपासणार होतं. तिने मान खाली घालून ते मान्य केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर किंचित वाढवला, बस. तिन्ही बाटल्या तिने नव्याने वेचल्या: नऊ, चार, शून्य.

पुढच्या बाटल्याही, आकड्यागणिक वरच्या थरांकडे, नव्या काळाकडे येणाऱ्या, तिच्याच वाट्याला आल्या. एक्याऐंशी, ब्याऐंशी, नव्वद. रोज ती झाकण उघडायची, आणि रोज तोच तांबूस चुरा. एकशे सहावी बाटली ओतल्यावर ताटलीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक अख्खं, कड शाबूत असलेलं कवच दिसलं. तिने श्वास रोखून ते कुंचल्याच्या टोकावर उचललं, पट्टीवर ठेवलं आणि वहीत आकडा लिहिला: एक.