ग्रेगरीकाकांच्या रक्तातला आकडा

काम सुटलं की ग्रेगरीकाका हात धुवायच्या आधी गूळ खात. भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचे. मालक मास्क देत नसे, गुळाचा खडा मात्र रोज देई. मी आमच्या कामगार संघटनेचं पत्रक त्यांच्या हातात कोंबलं : ‘गूळ नको, मास्क द्या!’ काका म्हणाले, “गूळ खाल्ला की धूळ खाली जाते, बाबा. न्हाय गेली तर गूळ तरी गेला!”

धूळ गेली नव्हती. त्यांच्या गावी, तारोडीत, बस स्टॉपवरून घरी जाताना ते तीनदा थांबायचे. मी त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे कळलं, फुप्फुसं कडक होत चाललीत. तिथे अभ्यास चालू होता, सन दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत अगदी नवा : रक्तातलं एक प्रथिन मोजायचं आणि आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज बांधायचा. काकांचा आकडा वाढलेला निघाला.

“म्हणजे किती दिवस हाय मी?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “असा आकडा असलेल्या बऱ्याच जणांचा आजार लवकर वाढतो. तुमचा वाढेलच, असं नाही सांगता येत.”

“बऱ्याच जणांचं मला काय करायचंय? माझ्या पोरीचं लगीन हाय!”

रोझलिनचं लग्न ईस्टरनंतर, तिची बी.कॉम.ची परीक्षा आटोपल्यावर ठरलेलं. ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपासाचे, त्यांच्यात लग्न लागत नाही. अलीकडे घ्यायचं तर उपासाआधी, म्हणजे महिन्याभरात. काकांनी अंगणात बसून मला विचारलं. मी ठणकावून सांगितलं, “रिपोर्ट आहे काका, वाट कसली बघताय?” डॉक्टरीणबाईंचं अर्धं बोलणं मी ऐकलंच नव्हतं. मला मालकाविरुद्ध पुरावा हवा होता.

लग्न झालं. काका मुलीला घेऊन वेदीपर्यंत एकदाही न थांबता चालले. परीक्षा राहिली ती राहिलीच.

आणि काका? पुढच्या वर्षीही तसेच, त्याच्या पुढच्याही. आकडा पुन्हा मोजला, तेवढाच वाढलेला. माझं डोकं चालेना. ते म्हणाले, “मी मेलो न्हाय म्हणून तोंड पाडून बसलास काय रे?”

पाचव्या वर्षी गेले. दम लागूनच गेले. मग रिपोर्ट खरा की खोटा? मला अजून कळलेलं नाही. मालक अजून मास्क देत नाही, एवढंच पक्कं.

दफनानंतर रोझलिन म्हणाली, “तुम्ही दोघं अंगणात माझं लग्न ठरवत होता, तेव्हा मी आत अभ्यास करत होते. मला का नाही विचारलंत?”

“काकांना घाई...” मी सुरुवात केली आणि थांबलो. घाई काकांना नव्हती.