आत्याची महिन्याची सुई

आमच्या आत्याला माणसांचे चेहरे कधी लक्षात राहिले नाहीत, घसे मात्र ती जन्मभर विसरली नाही. सत्तरच्या दशकात ती आमच्या वऱ्हाडी मालेगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि आसपासच्या बहुतेक पोरांनी तिच्यासमोर एकदा तरी आ केलेला होता. रस्त्यात कुणी जयभीम केला, की उलट जयभीम करायच्या आधीच ती टाचा उंचावून त्याच्या छातीला कान लावी. छाती तपासायची नळी दवाखान्यात खुंटीला टांगलेली. "तिच्यापरीस माहा कान तिखट हाय," म्हणायची. इंझोरीच्या एका लग्नात फोटोवाल्यानं पोरांना हसायला सांगितलं, तर शेजारून ही म्हणाली, "आ करा रे." तो फोटो अजून आमच्याकडे आहे. नवरानवरी गंभीर, आणि पुढची झाडून सगळी पोरं तोंड वासून.

हा छंद नव्हता, धास्ती होती. एका खोलीत सारं घर झोपे, एकाचा घसा धरला की साऱ्यांचा धरे, पण घसा दुखणं कुणी दुखणं मानत नसे. पुढे सांधे सुजले, तर तेल चोळायचे. "घशातलं दुखनं गुपचूप काळजात जाऊन बसते," असं ती दारोदार सांगे. ज्यांच्या काळजात ते बसलं, त्यांना दर महिन्याला पेनिसिलिनची सुई, वर्षानुवर्षं. ती अशी दुखायची, की आत्याला पाहून पोरं निंबावर चढत. आत्या बुडाशी बसून भाजलेल्या शेंगा खाई. वासानं पोरगं आपसूक खाली येई.

खरी पंचाईत लग्नाच्या पोरींची. आईबाप दुखणं लपवत, पोरगी सासरी जाई, सुई बंद पडे. काही पोरी पहिल्या बाळंतपणातच गेल्या. आत्या त्यांच्याबद्दल बोलत नसे.

आमच्या शेजारच्या कमलला केनवडचं स्थळ आलं, तेव्हा तिच्या आईनं बजावलं, "नर्सबाई, तुमी फक्त चहा पाहा." पण चुलीपाशी कमलच म्हणाली, "तुमीच सांगा. माह्यानं बोलनं होत नाही." बैठकीत घड्याळ आणि सायकलीवर घासाघीस चालू असताना आत्या चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आता माहं आयका. पोरीच्या काळजाची झडप जराशी खराब हाय. दर महिन्याले सुई लागते. सुई चुकली त पोरगी हातची जाईन. बाकी सारं करते."

कमलच्या बापानं डोळे मिटले. मग मुलाची आई म्हणाली, "एवढंच? माह्या पोराले त दिवसभर तंबाखू लागते. महिन्यातून एक डाव मी इथल्या बजाराले येतोच. आनीन तिले."

लग्न झालं. पण तोंडचा शब्द तो, आणि आत्यानं असे शब्द पुष्कळ ऐकले होते. लग्नानंतरच्या पहिल्या सुईच्या दिवशी ती सकाळपासून एसटी स्टँडवर जाऊन बसली. केनवडकडून गाड्या येत, रिकाम्या होत. मी डबा नेला, तो तिनं उघडला नाही. उन्हं कलल्यावर एका गाडीतून सासू उतरली, मागोमाग कमल.

"गाडी फेल झाली होती वाटेत," सासू म्हणाली. "टोचा लवकर, बजार उठून राह्यला."

आत्या कमलचा हात धरून निघालीच. दवाखान्यात तिनं सुई भरली, पण टोचली नाही. सुई दुसऱ्या नर्सकडे देऊन ती स्वतः कमलला धरून उभी राहिली, कितीतरी वेळ. आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला वाटतं, ज्या पोरी आल्या नाहीत, त्या साऱ्या तिला कमलला धरून उभी असताना आठवल्या असाव्यात.